आबांची पद्मिनी, कोरडं फडकं आणि मी

जुन्या गाडीवरचे बारीक ओरखडे काढायचे म्हणजे दुकानातून एक डबी आणायची आणि घासत सुटायचं, असं मला वाटत होतं. मग बोनेटच्या कडेला करडा ठिपका दिसला आणि घामच फुटला!

घरातलं एखादं जुनं स्टीलचं ताट घ्या. वर्षानुवर्षं घासणीने घासलेलं. खोलीतला दिवा बंद करा आणि मोबाइलचा टॉर्च ताटावर मारा. उजेडाच्या ठिपक्याभोवती बारीक बारीक वर्तुळं दिसतील, कोळ्याच्या जाळ्यासारखी. आता टॉर्च थोडा डावीकडे न्या. जाळंही डावीकडे सरकतं. म्हणजे ताटावर वर्तुळं कुणी कोरलेली नाहीत. ओरखडे सगळ्याच दिशांना आहेत, उभे, आडवे, तिरपे. त्यातले उजेडाला आडवे येणारे तेवढेच चमकतात आणि आपल्याला त्यांचं वर्तुळ झालेलं दिसतं.

गाडीच्या रंगावर हेच झालं की रील्सवाले त्याला ‘स्वर्ल मार्क्स’ म्हणतात. आमच्या पद्मिनीच्या बोनेटवर ते किती आहेत हे मला कधी कळलंच नव्हतं. पत्र्याच्या शेडमध्ये अंधार असतो आणि अंधारात सगळ्याच गाड्या छान दिसतात.

एप्रिलमधल्या एका दुपारी आम्ही ती ढकलत बाहेर काढली. बॅटरी कधीच गेलेली. मे महिन्यात ताईचं लग्न, आणि तिचा एकच हट्ट, ‘मला आबांच्या फियाटमधूनच जायचंय.’ गाडी उन्हात आली आणि ताईचा चेहरा उतरला. मरून रंगाची गाडी पांढुरकी दिसत होती. सूर्याभोवती बोनेटभर ताटावर दिसतात तसली वर्तुळं. पप्पा म्हणाले, ‘सगळा रंग काढून नवा मारून घेऊ. मेटॅलिक. एकदम नवी कोरी.’ आबा काहीच बोलले नाहीत. चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत, एका डोळ्याने कमी दिसतं. त्यांनी फक्त बोनेटवर हात फिरवला.

मी म्हणाले, मला पंधरा दिवस द्या.

आधी जरा गाडीबद्दल

आमच्याकडे तिला पद्मिनी कुणी म्हणत नाही. फियाटच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी 1944 मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, पुढे मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाटच्या गाड्या बनायला लागल्या. फियाट 1100 चं हे देशी रूप सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झालं, चित्तोडच्या राणीच्या नावावरून. 1089 सीसीचं इंजिन, स्टीअरिंगच्या दांड्यावर गिअर. आजच्या मुलांना तो गिअर दाखवला की पहिला प्रश्न येतो, ‘हे वायपरचं आहे का?’

मुंबईत ही गाडी काळी-पिवळी टॅक्सी म्हणून फिरली. (बीडमध्ये काळी-पिवळी म्हटलं की माणसं लटकलेली जीपच डोळ्यासमोर येते, ती वेगळी!) मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी 29 ऑक्टोबर 2003 ला ताडदेव आरटीओत झाली होती. टॅक्सीला वयाची मर्यादा 20 वर्षं. त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईच्या रस्त्यावर पद्मिनी टॅक्सी राहिली नाही. त्या दिवसांत सोशल मीडियावर सगळे हळहळले. आमच्या शेडमधली मात्र तशीच धूळ खात उभी होती, आणि मीही तिच्याकडे न बघताच स्टोरी टाकली होती. कबूल करते.

आबा बीडला वकिली करायचे. त्यांनी ही गाडी 1987 मध्ये घेतली. कोर्ट, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, सगळीकडे तीच. 1998 मध्ये ती पुन्हा रंगवली, बीडमधल्याच एका गॅरेजात, आणि मरून रंग आबांनी स्वतः निवडला. रंग मारणारे चाचा अजून आहेत. मी त्यांना शोधून काढलं. नाव छापू नको म्हणाले, म्हणून चाचाच.

सरकारी नियमात ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी हवी असेल तर गाडी 50 वर्षांहून जुनी लागते. 2021 मध्ये हा नियम आला, त्यात ‘व्हीए’ अक्षरांची खास नंबर प्लेट मिळते. आमची त्यात बसत नाही. बाजारात विकायला गेलं तर फार काही येणार नाही, आणि संग्रहालयात कुणी ठेवणार नाही. हैदराबादच्या चौमहल्ला पॅलेसमध्ये निजामाची 1912 ची पिवळी रोल्स रॉइस ठेवली आहे. बीड 1948 पर्यंत त्याच निजामाच्या राज्यात होतं. त्या गाडीची काळजी घ्यायला माणसं नेमलेली असतील. आमच्या गाडीला मी होते, आणि यूट्यूब.

कापसाचा रंग

चाचांकडे गेले तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, ‘बेटा, रंग कौनसा है, पता है क्या?’ मी म्हणाले, मरून. ते हसले. त्यांना रंगाची जात विचारायची होती.

आज कारखान्यातून येणाऱ्या बहुतेक गाड्यांवर आधी रंगाचा थर असतो आणि त्याच्यावर काचेसारखा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट. ओरखडे पडतात ते त्या वरच्या थरावर. पॉलिश करताना घासला जातो तोही तोच. रंगाला धक्का लागत नाही. आमच्या गाडीवर हा थर नाहीच. 1998 मध्ये चाचांनी मारला होता एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. गावाकडे त्याला सरळ ‘ड्युको’ म्हणतात. लाकडी कपाटाला ड्युको मारून घेतला, असं तुम्ही घरात ऐकलं असेल. ‘ड्युको’ हे मुळात अमेरिकेतल्या ड्यूपाँट कंपनीच्या रंगाचं नाव. 1920 च्या दशकात तो आला. त्याआधी गाड्या ब्रशने रंगवायचे आणि व्हार्निशचे थर वाळायला आठवडे जायचे. लॅकर काही मिनिटांत हाताला कोरडा लागायला लागला. भट्टी नको, काही नको. म्हणूनच तो पुढे आपल्याकडच्या छोट्या गॅरेजांत इतका चालला.

आता गंमत बघा. नायट्रोसेल्युलोज बनतं सेल्युलोजवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून, आणि ते सेल्युलोज मिळवायचा एक मोठा मार्ग म्हणजे सरकीला चिकटून राहिलेला कापसाचा बारीक तंतू. म्हणजे गेवराई-माजलगावच्या शेतात जे पिकतं त्याचंच हे भावंड. हाच पदार्थ नेलपॉलिशमध्ये असतो. दादासाहेब फाळक्यांच्या काळातल्या फिल्मच्या पट्ट्याही याच्याच बनायच्या, आणि त्या भडकन पेट घ्यायच्या. त्यामुळे एनसी रंग आणि थिनरच्या आसपास काडी, सिगारेट, गॅस काही नको. चाचांच्या गॅरेजात भिंतीवर तेवढी एकच पाटी आहे.

नेलपॉलिश रिमूव्हरने नेलपॉलिश कितीही जुनी असली तरी विरघळते ना? लॅकरचंही तसंच. सत्तावीस वर्षांनीसुद्धा थिनर लागला की तो मऊ होतो. चाचांनी डिकीच्या आतल्या कोपऱ्यात, कुणाला दिसणार नाही अशा जागी, थिनरचं बोट लावून बघितलं. रंग लगेच बोटाला आला. ‘एनसीच आहे. माझाच,’ म्हणाले. चेहऱ्यावर जुना विद्यार्थी भेटल्यासारखा आनंद.

पप्पांच्या मेटॅलिकच्या बेताचा निकाल तिथेच लागला. एनसीवर आजचा टू-के रंग थेट मारला तर त्यातल्या कडक थिनरने खालचा जुना थर उचलला जाऊ शकतो, सुरकुत्या पडतात. मग पत्र्यापर्यंत सगळं खरवडून काढायचं, पुट्टी, प्रायमर, पुन्हा पहिल्यापासून. आणि लग्न तीन आठवड्यांवर.

ओरखडा काढतात कसा?

खरं सांगायचं तर ओरखडा काढताच येत नाही. तो म्हणजे एक खाच, आणि खाच कुठे काढून ठेवणार? शेतातली सरी-वरंबे आठवा. जमीन सपाट करायची तर वरंबा मोडावा लागतो. पॉलिश तेच करतं, ओरखड्याच्या बाजूचा रंग घासून त्याच्या तळापर्यंत खाली आणतं. फरक एवढाच की इथे वरंब्याची माती सरीत पडत नाही, ती फडक्यावर निघून जाते. कायमची.

म्हणून आधी रंग किती शिल्लक आहे ते बघायचं. छत्रपती संभाजीनगरला एक मित्र गाड्यांचं डिटेलिंग करतो. त्याच्याकडून मी रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणि पॉलिशिंग मशीन आणलं. जाडी मायक्रॉनमध्ये मोजतात, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आजच्या बऱ्याच गाड्यांवर सगळे थर मिळून 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतात. माणसाचा केस साधारण 70. म्हणजे दोन केसांइतक्या जाडीवर गाडीची सगळी शान!

आमच्या गाडीच्या डाव्या दारावर यंत्राने भलामोठा आकडा दाखवला आणि मी खूश झाले. चाचा म्हणाले, ‘खूश मत हो, अंदर पुट्टी है.’ यंत्र पत्र्यापर्यंतचं अंतर सांगतं. मधे रंग आहे, प्रायमर आहे की कधीकाळी भरलेली पुट्टी, हे त्याला कळत नाही. डावं दार एकदा मोंढ्यात बैलगाडीला घासलं होतं, हे मला त्या दिवशी समजलं. कडांवर आकडे फारच कमी होते. धातूला जिथे धार असते, घडी असते, तिथे रंग मुळातच पातळ बसतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिच्यामुळेच माझी फजिती झाली.

सुरुवात धुण्यापासून. बीडमध्ये नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे बीडकरांना सांगायला नको, आणि एप्रिलमध्ये गाडी धुणं म्हणजे आजीच्या शिव्या खाणं. ‘काय करायलीस गं? माणसाला पाणी नाही अन् गाडीला आंघोळ?’ पण पाइप लावून पाणी सोडायची गरजच नसते. दोन बादल्या पुरतात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. मऊ मायक्रोफायबरचा मिट शाम्पूत बुडवायचा, एक भाग वरून खाली पुसायचा, मग साध्या पाण्यात खळखळून धुवायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. दुसऱ्या बादलीचा तळ बघितला तेव्हा कळलं ती कशासाठी. तळाला रेतीसारखा थर होता. तो एरवी पुन्हा गाडीवरच घासला गेला असता.

ही धूळ साधी नसते. तिच्यात वाळूचे कण असतात, आणि वाळूतलं क्वार्ट्झ रंगापेक्षा कितीतरी कठीण. आपल्या जिल्ह्यात त्यात परळीच्या औष्णिक केंद्राच्या राखेची भर. ही राख मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिनाची असते, पिठासारखी बारीक दिसते पण घासली की पॉलिश पेपरचं काम करते. आबांची गाडी वर्षानुवर्षं परळी रोडला फिरली आहे.

बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर. उन्हात गाडी तशीच वाळू दिली की पांढरे डाग बसतात, म्हणून सावलीत धुवायची आणि लगेच टिपून घ्यायची. टिपायची म्हणजे टॉवेल ठेवून उचलायचा, रगडायचा नाही. मग क्ले बार, म्हणजे मळलेल्या कणकेसारखा एक गोळा. पाण्याची फवारणी करून तो हलक्या हाताने फिरवला की धुऊनही न निघालेली चिकट घाण त्याला लागून येते. गोळा जमिनीवर पडला तर फेकून द्यायचा. माझा पहिलाच पडला. मी पुसून वापरणार होते. चाचांनी तो हातातून घेऊन सरळ नालीत टाकला.

फडकं लाल झालं

मी सकाळी सहा ते नऊ काम करायचे. नंतर पत्रा इतका तापायचा की पॉलिश लावताच सुकायचं.

चाचांचा नियम होता, आधी हात, मग मशीन, आणि आधी सगळ्यात मऊ, मग लागलं तर कडक. बोनेटच्या मधोमध दोन वितींचा चौकोन चिकटपट्टीने आखून घेतला. मऊ फोमच्या पॅडवर सगळ्यात बारीक पॉलिशचे तीन-चार थेंब. हाताने घासलं, पुसलं, टॉर्च मारला. अर्धं जाळं गेलं होतं! मी नाचायच्या बेतात, तेवढ्यात हातातलं फडकं बघितलं. लालभडक.

क्लिअर कोट नसलेल्या रंगाचं हे असंच होतं. जे निघतं तो रंगच असतो. त्यातला बराचसा वरचा जळका, ऑक्सिडाइज झालेला, पांढुरका पडलेला थर. तो निघाल्यावर खालून जो मरून वर आला तो मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. जांभळाच्या रसासारखा. मी त्या एका चौकोनाचे अठरा फोटो काढले. ते लाल फडकं मात्र धुवावंसं वाटेना. आबांच्या गाडीचा रंग होता तो, आणि आता गाडीवर नव्हता.

चौकोन जमला तर तेवढ्याच ताकदीने बाकीची गाडी करायची, त्याहून जास्त नाही. मी हाताने छताची एक बाजू आणि दोन दारं केली. खांदे गेले. मग मशीन काढलं. गॅरेजात फरशी कापायच्या ग्राइंडरसारखं जे मशीन फिरताना दिसतं ते एकाच जागी गरगर फिरतं, पटकन तापतं, आणि हात नवखा असेल तर उलट स्वतःचे नवे गोल गोल माग सोडतं. मी आणलं होतं ते ड्युअल अॅक्शन. ते फिरता फिरता डुलतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साठत नाही. नवशिक्यांसाठी बरं. लॅकर उष्णतेने मऊ होतो, म्हणून दर थोड्या वेळाने पत्र्याला तळहात लावून बघायचा. चटका बसायला लागला तर थांबायचं.

सगळ्या कडांना, क्रोमच्या पट्ट्यांना, रबराला चिकटपट्टी लावून घ्यायची, हेही चाचांनी सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं.

अकराव्या दिवशी मी बोनेटच्या पुढच्या कडेची पट्टी काढली. पट्टीखाली बोटभर रुंदीचा भाग पांढुरका राहिला होता आणि तो खटकत होता. वाटलं, एकदाच मशीन फिरवू. जेमतेम तीन-चार सेकंद. मशीन उचललं तर मरूनच्या मधोमध करडा ठिपका, शेंगदाण्याएवढा. प्रायमर!

पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते तेव्हा कळलं. पुसून बघितलं, जणू तो डाग आहे आणि जाईल. पप्पा ऑफिसला गेले होते, आबा ओट्यावर पेपर ऐकत बसले होते (आजी वाचते, ते ऐकतात). मी गाडीवर चादर टाकली आणि स्कूटी काढून चाचांच्या गॅरेजात गेले. ते मला रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फोटो मोठा करून बघितला आणि विचारलं, ‘टेप निकाली थी ना?’

दुसऱ्या दिवशी ते घरी आले. सोबत छोटी स्प्रे गन, आणि मरून रंग तिथेच बसून मिसळला. काळा किती, लाल किती, सगळं नजरेने. दोन वेळा पोस्टकार्डावर मारून उन्हात धरून बघितलं. कॉम्प्युटरवर शेड जुळवणारी दुकानं असतात हे मी सांगितलं तर म्हणाले, त्यांना 1998 चा रंग माहीत आहे, सत्तावीस वर्षांच्या उन्हाचा नाही.

ज्या गुणामुळे लॅकर थिनरने खराब होतो त्याच गुणाने तो इथे वाचला. नवा थर पडला की त्यातल्या थिनरने खालचा जुना थर किंचित विरघळतो आणि दोन्ही एकमेकांत मुरतात. सांधा राहत नाही. आजच्या टू-के रंगात तसं होत नाही, तिथे नवा थर जुन्यावर नुसता चिकटून बसतो. अर्ध्या तासात ठिपका गेला. पण हात लावू नको म्हणाले. वरून वाळला तरी आतला थिनर उडून जायला आणि थर खाली बसायला काही आठवडे लागतात, तोवर त्या जागी पॉलिश नाही. म्हणजे लग्नात ती कड थोडी मंदच दिसणार होती. चालेल, म्हटलं. त्यांनी पैसे घेतले नाहीत. आजीने शेंगाची पोळी बांधून दिली.

जे काढलं नाही

रील्समध्ये एक दाखवत नाहीत, सगळे ओरखडे काढायचे नसतात. सोपी परीक्षा आहे. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकत नसेल तर पॉलिशने जाण्याची आशा असते. अडकलं तर तो खोल आहे, त्याच्या मागे लागलात तर आजूबाजूचा सगळा रंग संपेल. छतावर मागच्या बाजूला लॅकरला बारीक तडे गेले आहेत, वाळलेल्या तळ्याच्या मातीसारखे. तेही पॉलिशने जात नाहीत. ते तसेच ठेवले.

डाव्या मागच्या दारावर एक अक्षर आहे, ‘ग’. गाडीचा ग. मी पहिलीत असताना दगडाने काढलेला. त्यावेळी पप्पांनी मला बदडलं होतं आणि आबांनी पप्पांना झापलं होतं. नख चांगलंच अडकतं.

आणि झटपट उपायांचं काय? माझ्या व्हॉट्सअॅपवर मित्रमैत्रिणींनी जे जे पाठवलं ते सगळं मी त्या गाडीच्या नव्हे, भंगारातल्या एका मडगार्डवर करून बघितलं. टूथपेस्टमध्ये घासणारे बारीक कण असतात, त्यामुळे थोडा फरक पडतो, पण ते कण गाडीच्या रंगासाठी बनवलेले नाहीत. किती घासतील याचा भरवसा नाही. रॉकेल किंवा डिझेलचं फडकं मारलं की झकास चमकतं, कारण तेलाचा पापुद्रा ओरखडे तात्पुरते भरतो. संध्याकाळपर्यंत त्यावर सगळ्या गावाची धूळ. काही दुकानांत करून देतात ती ‘पॉलिश’ही याच जातीची असते, मेण आणि भरणी. घरी आणल्यावर दोनदा शाम्पूने धुवा आणि टॉर्च मारा. जाळं परत दिसलं तर तुमचे ओरखडे गेले नव्हते, झाकले होते. झाकणं वाईट असतं असं मी म्हणत नाही. मीही शेवटी कार्नोबा मेण लावलं, ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं. रंग जिथे अगदी पातळ होता तिथे तर फक्त मेणच लावलं, पॉलिश नाहीच. पण काय केलं ते गिऱ्हाइकाला सांगावं की!

तुमच्याकडे पद्मिनी नसेल, पण बाइक असेल. कॉलेजच्या पार्किंगमध्ये जाऊन तिच्या टाकीवर टॉर्च मारून बघा. सीटखाली कोंबलेलं ते काळं पडलेलं फडकं आहे ना, सकाळी निघताना ज्याने दोन हात मारता? तेच कारण. धूळ आधी पाण्याने सुटू द्या, मग पुसा. एवढ्याने निम्मं काम होतं आणि त्याला कसलीच डबी लागत नाही.

हे मला आबांसमोर बोलायचं नव्हतं.

कारण आमच्या गाडीवरचं जाळं कुणी केलं हे पहिल्या दिवसापासून कळत होतं. आबा रोज पहाटे उठून गाडी पुसायचे. पाऊस असो, कोर्टाला सुट्टी असो. जुन्या धोतराचा मऊ तुकडा, कोरडा, डॅशबोर्डच्या कप्प्यात घडी करून ठेवलेला. गोल गोल हात फिरवत पुसायचे. शेजारपाजारचे पोरांना त्यांचं उदाहरण द्यायचे, वस्तू कशी जपावी बघा. त्या मऊ धोतराखाली परळीची राख होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी गाडी शेडबाहेर उभी केली. नवी बॅटरी टाकली होती. ताईने तिच्यासोबत इतके फोटो काढले की मेंदीवाली ताटकळली. पप्पा चारी बाजूंनी फिरले आणि ‘ठीक आहे’ म्हणाले. आमच्या पप्पांच्या तोंडून हे म्हणजे शाबासकीच. आबांना धरून आणलं. त्यांनी बोनेटवर हात ठेवला, बोटं पुढच्या कडेपर्यंत नेली आणि बरोबर त्या जागी थांबले. ‘इथं काय झालंय?’

मी सगळं सांगितलं. पट्टी, मशीन, ठिपका, चाचा.

‘हं,’ म्हणाले. मग थोड्या वेळाने, ‘आणि बाकीचे ओरखडे कशानं आले होते?’

‘धुळीनं, आबा.’

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला दाराची कडी वाजली म्हणून मी उठले. मांडवाची माणसं आली असतील असं वाटलं. बाहेर बघते तर आबा काठी टेकत गाडीपाशी पोचले होते. ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडून, वाकून, डॅशबोर्डच्या कप्प्यात चाचपडत होते. धोतराचा तुकडा मी चार दिवसांपूर्वीच तिथून काढून माझ्या कपाटात ठेवला होता.

‘फडकं कुठंय गं?’

रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या गाडीवर धुळीचा पातळ थर बसला होता. मी आत गेले आणि दोन बादल्या भरायला लावल्या.